झाड तुमच्या अंगणात, परवानगी पालिकेच्या फायलीत

मे महिना अर्धा सरला की महापालिकांच्या उद्यान विभागात अर्जांचा ढीग पडायला लागतो. पावसाळा तोंडावर आलेला असतो, गच्चीवर टेकलेली फांदी एकाएकी सगळ्यांच्या डोळ्यांवर येते आणि ‘आवारातील झाड धोकादायक असून ते काढून टाकावे’ अशी दोन ओळींची पत्रं घेऊन सोसायट्यांचे सेक्रेटरी खिडकीपाशी उभे राहतात. यातले बरेच अर्ज त्या पावसाळ्यात मार्गी लागत नाहीत. अर्ज चुकीच्या माणसाने केलेला असतो, किंवा छाटणीने भागणार असताना तोडीसाठी केलेला असतो, किंवा त्यात झाडाविषयी काहीच माहिती नसते.

महाराष्ट्रातल्या शहरांना लागू असलेला कायदा १९७५ चा आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. २०२१ मध्ये त्यात मोठे बदल झाले. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत यांच्या हद्दीत या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरण नेमलेलं असतं. महापालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. या प्राधिकरणाच्या आगाऊ परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. झाड सरकारी जागेत आहे की खाजगी, तुम्ही लावलं की आपोआप उगवलं, फळाचं की शोभेचं, याने फरक पडत नाही. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर तुमचं नाव असल्याने तुम्हाला अर्ज करण्याचा हक्क मिळतो, करवत लावण्याचा नाही.

‘तोडणे’ या शब्दाचा कायद्यातला अर्थ बोलण्यातल्या अर्थापेक्षा रुंद आहे. बुंध्याशी कचरा जाळणं, खोडाची साल गोल सोलून काढणं, भोक पाडून आत ॲसिड ओतणं, कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हे सगळं त्यात येतं. झाडाला भोक पाडून हिंग भरला की ते आपोआप वाळतं, हा सल्ला अजूनही गल्लोगल्ली मिळतो. हिंगाने झाड वाळो न वाळो, गिरमिटाने पाडलेलं भोक मात्र पंचनाम्यात व्यवस्थित दिसतं. आणि झाड म्हणजे फक्त मोठा वृक्ष असंही नाही. कायद्याच्या व्याख्येत बहुवर्षायू काष्ठमय वनस्पती रोपाच्या अवस्थेपासूनच येते. त्यामुळे गच्चीच्या कठड्यात उगवलेला पिंपळ काढायचा असेल तरी आधी त्याचे फोटो काढून विभाग कार्यालयाला एक पत्र देऊन ठेवावं. (तो नुसता वरून कापून उपयोगही नाही. मुळं भिंतीत राहिली की पुढच्या पावसात तो दुप्पट जोमाने येतो. भेग उकरून मूळ काढायचं आणि सिमेंटच्या मसाल्याने फट बुजवायची.)

शिक्षाही किरकोळ नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंडाची मर्यादा एका झाडामागे १ लाख रुपयांपर्यंत गेली, आणि कायद्यात कैदेचीही तरतूद आहे. दंड झाडामागे मोजतात, हे विसरू नये. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मथुरा-वृंदावन भागातल्या ४५४ झाडांच्या बेकायदा तोडीत झाडामागे १ लाख रुपये हाच हिशेब लावला.

शहराबाहेर नियम वेगळे

ग्रामपंचायतीच्या हद्दीत १९७५ चा कायदा चालत नाही. तिथे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागतो, आणि त्याच्या अनुसूचीत १६ प्रकारची झाडं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यांपैकी झाड असेल तर स्वतःच्या शेतात, घरामागे, बांधावर असलं तरी परवानगी हवी, आणि ती वन किंवा महसूल विभागाच्या वृक्ष अधिकाऱ्याकडून. तोडल्यावर लाकूड गाडीत घालून न्यायचं तर अनेक जातींना वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. तोडीची परवानगी आहे म्हणून टेम्पो भरला आणि नाक्यावर अडकला, असं होण्याचं कारण हेच: हे दोन वेगळे कागद आहेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली होती, त्यामुळे तिथे घर किंवा बाग असलेल्यांनी कुठलाही तोंडी सल्ला न मानता आधी वन विभागात जाऊन सद्यस्थिती विचारावी.

गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि अर्ज वन खात्याकडे जातो, पंचायतीकडे नाही. तिथे माडाचा विषय फार गाजला. २०१६ मध्ये दुरुस्ती करून माडाला ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर काढलं, मोठा विरोध झाला आणि २०१७ मध्ये तो परत आत आला. म्हणजे ‘माडाला परवानगी लागत नाही’ हे गोव्यातलं वाक्य वर्षभर खरं होतं. लोकांच्या तोंडी मात्र ते अजून राहिलंय.

या पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या शहरी घरमालकांसाठी आणि सोसायट्यांसाठी.

आधी ठरवा: तोड की छाटणी?

अर्ज लिहिण्याआधी झाडाखाली जाऊन दहा मिनिटं उभं राहावं. तक्रार नेमकी काय आहे? पानांचा कचरा, गाड्यांवर कावळ्यांची घाण, घरात अंधार, सौर पॅनेलवर सावली, पार्किंगला अडचण, वास्तुशास्त्र, कैऱ्यांसाठी दगड मारणारी मुलं: यांतल्या एकाही कारणाने झाड तोडायची परवानगी मिळत नाही. अंधार, सावली किंवा खिडकीला टेकणाऱ्या फांद्या यांसाठी छाटणी मिळते, आणि बहुतेकांना मुळात तेवढीच हवी असते. तोडीसाठी चालणारी कारणं ठरलेली आहेत: झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असणं, जीविताला वा मालमत्तेला धोका असणं, रहदारीला अडथळा असणं. मंजूर आराखड्याप्रमाणे बांधकामाच्या आड येणाऱ्या झाडांचे प्रस्तावही प्राधिकरणाकडेच जातात.

मग झाड धोकादायक आहे हे कशावरून? वाकलेलं झाड धोकादायकच, हा पहिला गैरसमज. उन्हाच्या दिशेने वाढत वाढत वर्षानुवर्षं कललेलं झाड जास्तीचं लाकूड भरून तोल सांभाळतं. भीती असते ती गेल्या काही आठवड्यांत अचानक कललेल्या झाडाची. त्याच्या कलण्याच्या उलट बाजूला जमिनीत भेग पडलेली दिसते किंवा माती उचललेली असते. तसं दिसलं तर अर्जाची वाट पाहू नका. त्याविषयी खाली सांगितलं आहे.

दुसरा गैरसमज पोकळीचा. खोड आतून पोकळ असलं म्हणजे झाड पडणारच असं नाही. वड-पिंपळ पोकळ खोडाने दशकानुदशकं उभे असतात. झाडाला उभं धरतं ते बाहेरचं शाबूत लाकूड. ते खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचं सगळीकडून असेल तर झाड सहसा टिकतं. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाची त्रिज्या ३०, म्हणजे भोवतीने १० सेंटिमीटर लाकूड पक्कं हवं. लाकडी मोगरीने खोड सर्व बाजूंनी ठोकून पाहिलं की पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो. जास्त शंका असेल तर बारीक सुई खोडात फिरवत नेऊन लाकडाचा विरोध मोजणारं यंत्र वापरणारे तज्ज्ञ मिळतात; मोठ्या, जुन्या झाडासाठी तो खर्च करावा.

बुंध्याशी किंवा मुळांवर कवकाची कडक, तपकिरी छत्री उगवलेली असेल तर मात्र गंभीर घ्या. आतली मुळं बरीच कुजल्यावर ती बाहेर दिसते. गुलमोहर आणि सोनमोहर या बाबतीत बदनाम आहेत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, आणि आपल्याकडे तो लावला जातो फरशी आणि गटार यांच्यामधल्या दीड फुटात.

पण शहरातली झाडं पडण्याचं एक मोठं कारण आपण स्वतः तयार करतो. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. पाण्याची लाइन, केबल, कंपाउंडची भिंत यांसाठी चर खणताना ती कापली जातात. खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत एका बाजूची मुळं कापली तर झाडाचा त्या बाजूचा आधारच गेला. त्यावर पेव्हर ब्लॉक बसले की कापलेलं कुणाला दिसत नाही, आणि दोन पावसाळ्यांनी झाड आडवं झालं की दोष झाडाच्या वयाला दिला जातो. बुंध्याला गळ्यापर्यंत काँक्रीट घालणं हाही त्यातलाच प्रकार. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती १ मीटरची जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. सोसायटीने आवार काँक्रीट करताना ठेकेदाराच्या कामाच्या कागदात हे आधीच लिहून घेतलं तर पुढचे अर्ज वाचतात.

छाटणी, आणि ती कशी बिघडते

छाटणीलाही परवानगी लागते, हे अनेकांना नोटीस आल्यावर कळतं. खाजगी आवारातल्या झाडाची छाटणी साधारणपणे दोन प्रकारे होते: शुल्क भरून पालिकेकडून, किंवा परवानगी घेऊन मालकाने नेमलेल्या माणसाकडून. पावसाळ्याआधी पालिका सोसायट्यांना धोकादायक फांद्या काढण्याच्या नोटिसा देते. तशी नोटीस आली असेल तर ती जपून ठेवा आणि अर्जाला जोडा. पण नोटीस म्हणजे ‘झाडाचं हवं ते करा’ अशी मोकळीक नाही. तिच्यात जेवढ्या फांद्या म्हटल्या आहेत तेवढ्याच.

काम करताना तीन काप घ्यायचे. पहिला खालून, खोडापासून साधारण फूटभर अंतरावर, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, पहिल्याच्या दोन-तीन इंच बाहेर. इथे फांदी तुटून पडते आणि खालच्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर. ते कडं कापलं तर जखम भरत नाही. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज खोडात उतरते. एका वर्षात चौथ्या हिश्शापेक्षा जास्त पालवी काढू नये.

प्रत्यक्षात काय होतं? माणूस शिडी लावतो, हाताला येतील त्या खालच्या फांद्या काढतो, किंवा इमारतीकडची एकच बाजू पूर्ण साफ करतो. पहिल्यात झाड वर जड आणि खाली उघडं होतं, दुसऱ्यात ते रस्त्याकडे कलतं. तिसरा प्रकार शेंडाच उडवून झाड टकलं करण्याचा. त्या कापांतून पुढे भराभर फुटवे येतात, ते सालीलगतच चिकटलेले असतात, आणि तीन-चार वर्षांनी तेच फुटवे जाड होऊन वादळात तुटतात. म्हणजे धोका कमी करायला केलेल्या छाटणीने धोका वाढतो, आणि वर ‘झाडाला इजा केली’ म्हणून तक्रारही होऊ शकते.

एप्रिल ते जूनमध्ये छाटायचं तर आधी घरटी बघा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणंही येतं. पिल्लं असलेली फांदी दोन-तीन आठवडे थांबवता येते. म्हणूनच छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकलेली बरी.

माडाचं वेगळं. त्याला फांद्याच नाहीत. पावसाळ्यापूर्वी वाळक्या झावळ्या आणि नारळ उतरवून घेणं एवढंच काम, आणि ते दर वर्षी करावं लागतं. शेंड्याचा कोंब मधूनच वाळत असेल, झावळ्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसत असतील तर तो गेंड्या भुंगा. बुंध्याला भोकं आणि त्यांतून लालसर चिकट स्राव येत असेल तर सोंड्या भुंगा. सोंड्याने पोखरलेला माड बाहेरून हिरवा दिसत असतानाच मधून मोडू शकतो, म्हणून अर्जात त्या भोकांचे जवळून काढलेले फोटो लावा.

अर्ज कुणी करायचा, त्यात काय लिहायचं

सोसायटीच्या आवारातलं झाड सोसायटीचं असतं. पहिल्या मजल्यावरच्या सभासदाच्या खिडकीत ते येतं म्हणून अर्ज त्याने करायचा नसतो. सोसायटीने सभेत ठराव करावा आणि सेक्रेटरी किंवा चेअरमन यांनी सहीशिक्क्यानिशी अर्ज द्यावा. अभिहस्तांतरण, म्हणजे आपण ज्याला कन्व्हेयन्स म्हणतो ते झालेलं नसेल तर जमीन कागदोपत्री अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. त्याचं ना-हरकत पत्र मागितलं जाऊ शकतं. बंगला भावाभावांच्या नावावर असेल तर सगळ्यांची संमती जोडा. एका भावाने अर्ज करायचा आणि दुसऱ्याने हरकत घ्यायची, यात फाइल सहज वर्षभर पडून राहते.

अर्जात प्रत्येक झाडाची वेगळी नोंद हवी. जात लिहा, नाव माहीत नसेल तर पान-फुलाचा फोटो जोडा. खोडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटर उंचीवर टेपने मोजा. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूने उंची धरा. त्या उंचीच्या खालीच दोन खोडं फुटली असतील तर दोन्ही मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो: ११० सेंटिमीटर घेर म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर व्यास. सोबत आवाराचा हाताने काढलेला नकाशा, त्यात इमारत, भिंत, गटार, विजेच्या तारा आणि क्रमांक घातलेली झाडं. फोटो चारही बाजूंचे, एक पूर्ण झाडाचा, एक बुंध्याचा, एक जिथे बिघाड आहे तिथला. भिंतीला तडे गेले असं कारण असेल तर तड्याचा फोटो पुरत नाही. तडा मुळामुळेच गेला हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून द्यावं लागतं. कित्येकदा खरा दोष गळक्या ड्रेनेज लाइनचा निघतो. मुळं पाण्यामागे जातात, लाइन फोडत नाहीत. आधीच्या फटीतून आत शिरतात. लाइन दुरुस्त केली की झाडाचा प्रश्नच उरत नाही.

संख्या जपून लिहा. ‘सुमारे दहा झाडे’ असं मोघम लिहून चालत नाही आणि परवानगीतल्या आकड्यापुढे एकही झाड जाऊ देता येत नाही. मुंबईत आरे कारशेडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे ८४ झाडांपुरती मुभा मागून झाल्यावर वृक्ष प्राधिकरणाकडे त्याहून जास्त झाडांचा अर्ज गेला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरायला लावले. महामंडळाची ही गत, तर चार बंगल्यांच्या गल्लीत पाचवं झाड ‘चुकून’ कापल्याचं स्पष्टीकरण कोण ऐकणार?

अर्ज दिल्यावर पोच घ्या, क्रमांकासह. मग उद्यान विभागाचा अधिकारी पाहणीला येतो. त्या वेळी झाडाची माहिती असलेला एक माणूस हजर हवा, वॉचमन नव्हे. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते आणि झाडावरही नोटीस चिकटवली जाते. हरकती घ्यायला बहुतेक ठिकाणी ७ दिवसांची मुदत असते. झाडावरचा कागद पावसाने गेला किंवा कुणी फाडला तर लगेच कळवा, नाहीतर हरकतदार तेवढ्यावरच सगळी प्रक्रिया अडवतो. उलट बाजूने, झाड वाचवायचं असेल त्यानेही ‘आमच्या भावना गुंतल्या आहेत’ एवढं लिहून थांबू नये. झाड निरोगी असल्याचे फोटो, छाटणीने किंवा भिंत दोन फूट सरकवून कसं भागेल याचा नकाशा, असं ठोस दिलं तर प्राधिकरणाला त्यावर विचार करावाच लागतो.

निर्णयासाठी कायद्यात ६० दिवसांचा हिशेब आहे. ६० दिवस झाले, उत्तर नाही, म्हणजे परवानगी मिळाली असं समजा, असा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकू नये. लेखी पत्र हातात आल्याशिवाय दोरी बांधू नका. आणि पत्र आल्यावरही १५ दिवस थांबायचं असतं, कारण त्या काळात निर्णयाविरुद्ध दाद मागता येते. साठ आणि पंधरा मिळून पंचाहत्तर. मे अखेरीस झाड उतरवायचं असेल तर अर्ज मार्चच्या मध्याआधी पडायला हवा, आणि त्रुटी निघाल्या तर तेवढाही वेळ पुरत नाही. म्हणून जानेवारीतच अर्ज करा.

एका झाडाच्या बदल्यात किती?

२०२१ च्या दुरुस्तीतला घरमालकाला सगळ्यात जास्त भिडणारा भाग हा. पूर्वी ठरावीक संख्येने रोपं लावून सुटका होत असे. आता तोडायच्या झाडाचं वय जितकी वर्षं, तितकी झाडं लावायची. रोपं सहा ते आठ फूट उंचीची, त्यांचं जिओटॅगिंग (प्रत्येक रोपाच्या नेमक्या ठिकाणाची डिजिटल नोंद) करायचं आणि सात वर्षं ती जगवायची. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटलं आहे, आणि त्याला हात लावणं आणखी अवघड.

हिशेब करून पाहा. तुमचा प्लॉट तीन गुंठ्यांचा, म्हणजे साधारण ३०० चौरस मीटर. आंब्याचं वय ४० ठरलं. चाळीस रोपं तीन-तीन मीटरवर लावायची तर ३६० चौरस मीटर जागा हवी. घर पाडलं तरी ती मिळत नाही. मग दुसरीकडे जागा शोधायची, किंवा झाडाच्या मूल्याइतकी भरपाई भरायची. हा आकडा समोर आला की बऱ्याच सोसायट्यांना छाटणी, फांदीला लोखंडी टेकू, किंवा दोन फांद्यांमध्ये केबल बांधणं एकदम परवडायला लागतं. वय कसं काढलं हे पत्रात बघा. ते घेर आणि जातीच्या वाढीच्या वेगावरून काढतात. भराभर वाढणाऱ्या सुबाभळीचा आणि सावकाश वाढणाऱ्या चिंचेचा घेर सारखा असला तरी वय सारखं नसतं. जातीचं नाव चुकलं तर रोपांचा आकडाही चुकतो.

पुनर्रोपण हा मधला मार्ग वाटतो, पण तो स्वस्त नाही. मुळांचा गोळा खोडाच्या व्यासाच्या आठ ते दहा पट रुंद हवा. २० सेंटिमीटर खोडाला दोन मीटर रुंद आणि पाऊण मीटरपेक्षा जास्त खोल गोळा, म्हणजे ओल्या मातीसकट चार टनांच्या आसपास. क्रेन आवारात शिरते का, हे आधी मोजा. मुळं एकदम न कापता काही आठवड्यांच्या अंतराने दोन टप्प्यांत कापावी लागतात. वड, पिंपळ, उंबर यांना हे मानवतं. मोठा आंबा किंवा जांभूळ बहुधा जगत नाही.

शेजाऱ्याचं झाड, आणि रात्री अडीचची फांदी

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी तुमच्या हद्दीत आली तर ‘माझ्या बाजूची मी कापीन’ हा दिवाणी कायद्यातला जुना हक्क. पण शहरात त्यावर वृक्ष कायद्याची परवानगी येऊन बसते, त्यामुळे परस्पर कोयता चालवू नका. आधी शेजाऱ्याला तारीख घालून लेखी पत्र द्या आणि त्याची प्रत पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याला. या पत्राचं महत्त्व पुढे कळतं: धोक्याची लेखी कल्पना असूनही मालकाने काही केलं नाही आणि फांदी पडली, तर निष्काळजीपणा सिद्ध करणं सोपं जातं. शेजारी हलतच नसेल आणि झाड पडण्याच्या बेतात असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो; पडून इजा करू शकेल अशा झाडाचा उल्लेख त्या कलमातच आहे. जुन्या फौजदारी संहितेत हेच १३३ होतं.

गाडीवर फांदी पडली तर फक्त थर्ड पार्टी विमा कामाला येत नाही. स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण असलेली पॉलिसी हवी, आणि फांदी हलवण्याआधी फोटो.

झाड खरोखर कोसळायला आलं असेल तर परवानगीची फाइल नंतर. अग्निशमन दलाला १०१ वर, मुंबईत पालिकेच्या नियंत्रण कक्षाला १९१६ वर फोन करा, खालच्या गाड्या आणि माणसं हलवा, आणि तारा अडकल्या असतील तर वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. ओली फांदी वीज वाहून नेते. बांबूही ओला असेल तर तसाच. धोका टळल्यावर त्याच दिवशी फोटोंसह लेखी कळवा, म्हणजे नंतर ‘तोडलं’ असा आरोप होत नाही.

करवतीच्या दिवशी

परवानगी पत्राची प्रत गेटवर लावा. कुणीतरी पोलिसांना फोन करणारच. कागद समोर असला की प्रकरण पाच मिनिटांत मिटतं. तोड पालिकेच्या माणसाच्या उपस्थितीत करायची अट असेल तर त्याची वेळ आदल्या दिवशी पक्की करा. ठेकेदाराला पत्र वाचायला द्या आणि जी झाडं कापायची त्यांच्यावर त्याच्यासमोर खडूने क्रमांक घाला.

दोन इमारतींच्या मध्ये झाड सरळ पाडता येत नाही. ते वरून तुकड्यांनी, दोरीने बांधून उतरवावं लागतं. लाकडाचं वजन कमी लेखू नका. फूटभर व्यासाचा, मीटरभर लांबीचा ओला ओंडका साठ-पासष्ट किलोंचा असतो; व्यास दीड फुटाहून थोडा जास्त, पन्नास सेंटिमीटर झाला की तोच दीडशेच्या पुढे जातो. तो तिसऱ्या मजल्यावरून मोकळा सोडला तर खालची टाकी, पेव्हर, ड्रेनेजचं झाकण काहीच उरत नाही. माणसाला पट्टा, हेल्मेट आणि अपघात विमा आहे का हे ठेकेदाराला आधी विचारा, कारण अपघात झाला तर चौकशी आवाराच्या मालकापर्यंत येते. लाकूड कोण नेणार, भाड्यात ते वजा धरलंय का, वाहतूक परवाना लागतो का, हेही कामाआधीच लिहून घ्या. फुकटात झाड तोडून देतो म्हणणाऱ्याचा डोळा बहुधा बुंध्यावर असतो, आणि सागाचा किंवा चंदनाचा बुंधा असेल तर त्याच्या हिशेबात तुमचा कागद बसत नाही.

काम झालं की खुंटाचा फोटो, तारखेसह. नवी रोपं लावायची मुदत पत्रात असते, कायद्यात ती ३० दिवसांची धरली आहे. मुदत उन्हाळ्यात संपत असेल तर ती वाढवून मागणारा अर्ज आधीच द्या; मे महिन्यात लावलेलं आठ फुटी रोप टँकरच्या पाण्यावरही तग धरत नाही. अनामत भरलेली असेल तर पावती आणि प्रत्येक रोपाचा फोटो सोसायटीच्या फायलीत ठेवा. कमिटी दर पाच वर्षांनी बदलते आणि रोपं सात वर्षं दाखवायची असतात. नव्या सेक्रेटरीला ही फाइल चार्ज देताना सहीने हातात द्या, नाहीतर अनामत परत मागायची वेळ येते तेव्हा ती कशासाठी भरली होती हेच कुणाला आठवत नाही.